आठ जणांची बोट

डॉक्टरांनी तिचा उजवा अंगठा मुठीत धरून मनगट जरासं खाली वाकवलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

"दुखलं?"

"नाही, सहज उठले," ती म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून त्यांनी सांगितलं की इथून जाणाऱ्या शिरा सुजल्या आहेत, आणि ही सूज काही एका आठवड्यातली नाही. "काम काय करता?"

"दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या बनवते."

"म्हणजे दिवसभर कोरणं आणि घासणं. आणखी काही? शिवण, विणकाम, मोबाईलवरचं काही?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. दर शनिवारी दुपारी चार ते सहा, याच अंगठ्यानं एकच बटण, मिनिटाला साठेक वेळा. एकोणीस वर्षं झाली. पण चाळिशीला आलेल्या बाईनं हे डॉक्टरांसमोर कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आणखी काही नाही," ती म्हणाली.

"मग कामावरून सहा आठवडे सुट्टी घ्या."

"ते नाही जमायचं हो."

"तर मग," मनगटाला पट्टा बांधता बांधता डॉक्टर म्हणाले, "जे काही नाही म्हणताय, ते तरी बंद करा."

ते बंद करणं म्हणजे बोट सोडणं. बोट म्हणजे एक खेळ होता, कॉम्प्युटरवर अनेकांनी एकत्र मिळून खेळायचा, फार जुना. त्याचं खरं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण खेळणारे त्याला नुसतं बोटच म्हणत. एक लाकडी जहाज बंदरातून बाहेर काढायचं, दीपगृहाच्या बेटाला वळसा घालायचा आणि वादळं, चाचे, खडक चुकवत दोन तासांत परत आणायचं. जहाजावर आठ जागा: सुकाणू, शिडं, नकाशा, टेहळणी, डावी तोफ, उजवी तोफ, सुतार आणि पंप. आठही जागांवर माणूस बसल्याशिवाय बंदराच्या तोंडावरची साखळी खाली पडत नसे. सात जण कितीही तरबेज असोत, त्यांनी धक्क्यावरच बसायचं.

ती कॉलेजात असताना मोठा भाऊ तिला ओढून घेऊन आला होता. "आजच्या दिवस बस ना गं, एक माणूस कमी पडतोय." तिला पंपावर बसवलं, कारण त्याला काही शिकावं लागत नाही. दोन महिन्यांत भावाला कंटाळा आला आणि तो क्रिकेटकडे वळला. आजच्या दिवसापुरती बसलेली ती तिथेच राहिली.

जहाजाच्या तळाला कायमची गळती होती. खालचं लांब बटण एकदा दाबलं की एक बादली पाणी बाहेर. बाकीच्यांना समुद्र दिसायचा, सूर्यास्त दिसायचा, डॉल्फिन उड्या मारताना दिसायचे. पंपावरच्या माणसाला दिसायची एक फळ्यांची भिंत, खिळ्याला लटकलेला कंदील आणि भिंतीवर चढत-उतरत असलेली पाण्याची रेघ. सुरुवातीला तिला त्याचंही कौतुक होतं. वरून आरडाओरडा ऐकू यायचा आणि आपण खाली एकटे सगळ्यांना तरंगतं ठेवतोय, यानं छाती फुगायची.

तेव्हा बंदरात शेकड्यांनी बोटी असत. मग नवे खेळ आले, बोटी कमी झाल्या, आणि चौदा वर्षांपूर्वी कंपनीनं खेळच बंद केला. त्या वेळी कप्तान पुढे आला. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता आणि सुकाणूवर बसायचा. त्यानं कुठून कुठून फायली मिळवल्या, एक जुनी मशीन घेतली आणि खेळ स्वतःच्या घरातून चालू ठेवला. बंदराची चित्रं हरवली होती, ती सुतारकाकांनी आठवणीतून पुन्हा काढली. ते निवृत्त सर्व्हेअर होते, त्यामुळे बंदर पहिल्यापेक्षा नीटनेटकं झालं. तोफांचे आवाज सापडेनात, तेव्हा तोफांवरच्या दोघा भावांनी गॅरेजमध्ये पत्र्यावर हातोडा हाणून ते तयार केले. नव्या माणसांसाठी तिनं बारा पानांची माहिती लिहिली. नवी माणसं येत, दोन शनिवार बसत, तिसऱ्या शनिवारी दिसेनाशी होत. ती बारा पानं शेवटपर्यंत कुणी वाचली असतील असं तिला वाटत नव्हतं.

गेली सहा वर्षं ते बरोब्बर आठ जण होते. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

सहा वर्षांत तिनं एकही शनिवार चुकवला नव्हता, असं नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तीन शनिवार गेले. ते तिन्ही शनिवार सात जण चार वाजता येऊन दोन तास धक्क्यावर बसून राहिले आणि एकेका ओळीचा निरोप पाठवत राहिले: 'पंपबाई, सावकाश या. आम्ही आहोत.' तिनं ते निरोप हॉस्पिटलच्या पलंगावर वाचले आणि तिला भरून आलं. त्यानंतर मात्र एखादा शनिवार मागायचा म्हटलं की तेच निरोप आठवायचे आणि जीभ रेटायची नाही. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हाही तिनं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन दोन तास पंप मारला होता. आत बाबा झोपले होते. उठल्यावर त्यांनी भावाला विचारलं होतं, "ती कुठे गेली?"

लॅबमध्ये त्या आठवड्यात दोन कवळ्या परत आल्या. एकीत दात अर्ध्या मिलिमीटरनं वर होते, दुसरीचा टाळूचा भाग टोचत होता. तिच्या हातची कवळी परत येणं हे लॅबमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी दोन्ही कवळ्या तिच्या टेबलावर ठेवल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, माणसाला याच दातांनी जेवायचंय."

एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी ती वाक्य पाठ करून बसली. 'माझा अंगठा गेलाय, मला थांबावं लागेल.' सात शब्दसुद्धा नव्हते. हेडफोन लावला. एकेकाचा आवाज येत गेला. टेहळ्या नर्स होता, तो हॉस्पिटलच्या कँटीनमधून यायचा, त्याच्यामागे कपबशा वाजायच्या. नकाशेवाली परदेशात राहायची, तिच्याकडे पहाट असायची. शिडवाला नेहमीसारखा नुसताच खाकरला.

"मला जरा बोलायचं होतं," ती म्हणाली.

"अहो, आधी माझं ऐका," सुतारकाका मध्येच बोलले. "पोरगा मागे लागलाय, आमच्याकडे राहायला या म्हणून. मी म्हटलं, येतो, पण शनिवारी चार ते सहा मला खोली बंद करून मिळाली पाहिजे. तो म्हणतो, बाबा, या वयात? मी म्हटलं, बाबा रे, माझ्यावाचून सात माणसं धक्क्यावर बसतील."

"वा, काका!" टेहळ्या म्हणाला.

"याला म्हणतात बोटीचा माणूस," कप्तान म्हणाला. "पंपबाई, तुम्ही काय सांगत होतात?"

"काही नाही. माझा आवाज नीट येतोय का, एवढंच."

"छान येतोय. चला, साखळी पडली."

"डावी भरली," एक भाऊ म्हणाला.

"उजवी भरली," दुसरा म्हणाला.

आई कुणाकडे राहणार यावरून त्या दोघांचं बिनसलं, त्याला सात वर्षं झाली होती. आई गेली, तरी बोलणं सुरू झालं नाही. एकाच गावात राहून ते एकमेकांच्या दारावरून पुढे जात. आठवड्यातून एकदा, या बोटीवर, 'भरली' आणि 'उडव' एवढे दोन शब्द त्यांच्यात होत. ती थांबली तर तेही थांबणार होते. पट्ट्यातून अंगठा बाहेर काढून तिनं बटणावर ठेवला. पाण्याची रेघ चढायला लागली होती.

घरी कुणापासून काही लपत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ती डाव्या हातानं जेवते, हे नवऱ्यानं पाहिलं होतं. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर घर. माणूस कमी बोलणारा, पण एखादी गोष्ट अडली की त्याला चैन पडत नसे. पहिल्यांदा त्यानं सुचवलं की बटण दाबायला एक छोटी मोटर लावू, तू नुसती बस. तिनं कप्तानाला विचारलं. कप्तान म्हणाला, "मशीननं पंप मारला, तर मग बोट आपली कशी?" ते ऐकून नवऱ्यानं मान हलवली आणि तो खाली दुकानात गेला.

तीन संध्याकाळी खालून ठोकाठोक ऐकू येत राहिली. चौथ्या संध्याकाळी त्यानं एक वस्तू वर आणून तिच्या टेबलाखाली ठेवली. जुन्या शिलाई मशीनचा पायटा होता. खालची जाळी घासून काळी रंगवलेली, दांड्याला पितळेची बिजागरी, आणि तिथून एक वायर थेट कीबोर्डला. पाय दाबला की बटण दाबलं जायचं. पायाला गार लागू नये म्हणून जाळीवर त्यानं कापडाचा तुकडासुद्धा चिकटवला होता.

"कर बघू," तो म्हणाला. ती बसली, पाय ठेवला, दाबला. पडद्यावर एक बादली पाणी कमी झालं.

"आता अंगठ्याला काही कामच नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

"किती छान केलंत हो," ती म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडली. अंगठा हे तिच्याकडचं एकमेव खरं कारण होतं, आणि घरच्या माणसानं ते तीन संध्याकाळी खपून काढून घेतलं होतं. त्याला काय सांगणार? मला सुटायचं होतं, असं? त्यानं विचारलं असतं, मग सुट की, कुणी धरलंय? तिला तेच तर सांगता आलं नसतं.

कप्तानानं पायटा चालेल म्हणून सांगितलं. "पाय माणसाचाच आहे ना," तो म्हणाला.

तीन शनिवार गेले. आता पोटऱ्यांत गोळे यायला लागले. चौथ्या शनिवारी नणंद आली. ही तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर काचेच्या भोकातून बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता की ती घरात कुजबुजली तरी खाली दुकानातल्या गिऱ्हाइकाला कळायचं. पावणेचारला वहिनी पोटरीला तेल चोळताना तिला दिसली.

"बोटीपायी आधी बोट घालवलंस," नणंद म्हणाली, "आता पायही घालवणार. ऊठ. आज मी बसते."

"अगं, तुला येणार नाही."

"पाय दाबायला काय येणार नाही? ऊठ म्हणते ना."

ती उठली. नणंद जागेवर बसली. हेडफोनची एक बाजू तिनं स्वतःच्या कानाला लावली आणि दुसरी वहिनीच्या. साखळी पडली. पहिली दहा मिनिटं नणंद नेटानं पाय मारत राहिली.

"वहिनी, ही भिंत कधी संपते?"

"संपत नाही. पंपावर एवढंच दिसतं."

"एकोणीस वर्षं तू या भिंतीकडे बघत्येस?" नणंदेनं पाय थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग माईकमध्ये, चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, "अहो मंडळी, मी पंपबाईंची नणंद बोलत्येय. मला एक सांगा, तुम्हाला याच्यात मजा येते का हो?"

 नुसतं शीड फडफडल्याचा आवाज येत राहिला.

"मजा म्हणजे," टेहळ्या चाचरत म्हणाला, "येतोच की आम्ही दर शनिवारी."

"ते झालं. पण मजा?"

"मी पहाटे पाचचा गजर लावते," नकाशेवाली सावकाश म्हणाली. "खरं सांगू? गेली दोन-तीन वर्षं मला उठवतच नाही. पण मी आले नाही तर तुम्ही सगळे अडकाल, म्हणून उठते."

"माझंही तसंच," शिडवाला म्हणाला. त्यानं एवढं लांब वाक्य बोललेलं तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"मीपण बाकीच्यांसाठीच—" उजवी तोफ बोलायला लागली.

"खडक!" कप्तान ओरडला. "उजवीकडे खडक! सगळे जागेवर! पंप, पाय चालवा!"

नणंद दचकून पाय मारायला लागली. पण तिच्या वहिनीला ठाऊक होतं की त्या जागी खडक नाही. बंदरापासून बेटापर्यंतचा प्रत्येक खडक तिनं त्या बारा पानांत स्वतः लिहिला होता. कप्तान खोटं बोलत होता, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी भीती होती.

सहा वाजता हेडफोन काढून नणंदेनं स्वतःची पोटरी दाबत विचारलं, "तुम्ही सगळी माणसं एकमेकांना धरून बसलात, ते सोडणार कोण?"

बुधवारी लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन ती बसनं कप्तानाच्या गावी गेली. हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, म्हणजे पुन्हा 'आवाज येतोय का' म्हणून पळ काढता येणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. कंपनीनं खेळ बंद केला त्या वर्षी ते एकदाच भेटले होते. तेव्हा कप्तानाला काळे कुरळे केस होते. आता दार उघडलं ते एका ओणव्या, टक्कल पडलेल्या माणसानं, आणि बोटीवर गरजणारा तो आवाज त्याच्या तोंडून बाहेर पडताना तिला क्षणभर खरं वाटेना.

"पंपबाई? अक्का, आमच्या पंपबाई आल्यात बघ!"

दोन खोल्यांचं घर. तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. आतल्या खोलीत खिडकीखाली एका स्टुलावर ती मशीन होती, पिवळट पडलेला एक डबा, बाजूचं झाकण काढून ठेवलेलं. घरातला एकुलता एक पंखा तिच्याकडे तोंड करून फिरत होता.

"ती तापते," अक्का पाणी देताना म्हणाली. "म्हणून पंखा तिला. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो. चौदा वर्षं झाली, हा कुठे मुक्कामाला गेला नाही. वीज गेली तर ती उठवायला घरात माणूस पाहिजे."

ती बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "कप्तान, माझा अंगठा गेलाय. पायही जायला लागलाय. कामावर माल परत यायला लागलाय. मला थांबायचंय. मला खरं तर मागच्या पाच वर्षांपासूनच थांबायचं होतं, अंगठा आत्ता गेला."

तिला वाटलं होतं की तो समजूत घालील, काकांचं नाव काढील, भावांचं काढील. त्याऐवजी तो मशीनसमोर बसला, एक फाईल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे आठचा आकडा होता. त्यानं तो खोडला, सात लिहिलं, फाईल सेव्ह केली. मशीन घरघरली आणि गप्प झाली.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"आता सात जणांतही साखळी पडेल. तुम्ही मोकळ्या झालात."

तिला अर्थ लागायला वेळ लागला. "हे एवढंच होतं?"

"एवढंच."

"कधीपासून करता येत होतं?"

"फाईल माझ्या हातात आली तेव्हापासून." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "एकदा केलंही होतं. सहा वर्षांपूर्वी, आपण आठावर आलो तेव्हा. सात लिहिलं. मग वाटलं, आज सात, उद्या सहा, मग चार. शेवटी मी एकटाच बोट घेऊन बेटाला जाऊन येणार. परत आठ केलं."

तिनं जवळची खुर्ची ओढली.  "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही सहा माणसांना तीन शनिवार धक्क्यावर बसवून ठेवलंत."

"हो."

"मी ते निरोप जपून ठेवलेत, कप्तान. आणि माझे बाबा आत होते, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून पंप मारत होते. ते मला विचारत होते. तुम्हाला त्या दिवशी मी सांगितलं होतं, बाबा आत आहेत म्हणून."

"आठवतं मला."

"मग विचारलं का नाहीत आम्हाला एकदा?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"मी गेले असते!"

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. त्याचे हात मांडीवर निमूट पडले होते.

अक्का दाराशी उभी होती. "मला वाटायचं, तुमच्यातलं कुणीतरी येऊन याला खडसावील," ती म्हणाली. "चौदा वर्षं लागली तुम्हाला."

पाणीही पूर्ण न पिता पंपबाई निघाली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि इतकी वर्षं दार नुसतं लोटलेलं होतं, याचाच विचार करत राहिली. कडीसुद्धा नव्हती. बाबांना ती गोष्ट आता सांगता येणार नव्हती. या विचारात तिचा थांबा मागे गेला आणि तिला दोन थांबे चालत परत यावं लागलं.

कप्तानानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना लिहून कळवलं. 'आकडा आता सात आहे. तो केव्हाच बदलता आला असता, मी बदलला नाही. पंपबाई थांबल्या आहेत.' कुणाचं काय उत्तर आलं, हे तिनं पाहिलं नाही.

शनिवारी नणंदेनं सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि धरणावर नेलं. पाण्याच्या कडेला दगडांवर बसून सगळे मक्याची कणसं खात होते. चार वाजले तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. तिचा पाय आपोआप हलायला लागला. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं आपल्याजवळचं कणीस सोलून तिच्या हातात दिलं. इतक्या वर्षांनी मिळालेला शनिवार आणि तिला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. आकडा बदललाय हे ठाऊक असूनही डोळ्यांसमोर धक्क्यावर बसलेले सात जण येत होते, मान खाली घातलेले.

सव्वापाचला फोन वाजला. सुतारकाकांनी तिला कधी फोन केला नव्हता.

"पंपबाई, बुडालो!" काका ओरडले. "चाळीस मिनिटांत बुडालो! बेटसुद्धा दिसलं नाही!"

"बुडालात?"

"साफ तळाला! नऊ वर्षांत पहिल्यांदा! पाणी चढतंय हे कुणाच्या लक्षातच नाही, पंपाकडे बघायची सवयच नाही ना कुणाला. मग कप्तान बोंबलला आणि दोघे तोफवाले एकाच वेळी खाली धावले. एक म्हणतो, तू तोफ सोडून कशाला आलास? दुसरा म्हणतो, तू कशाला आलास? तुला आईच्या वेळीसुद्धा असंच— अहो, जुंपलीये त्यांची! सात वर्षांचं सगळं बाहेर येतंय, शिव्या घालतायत एकमेकांना, आम्ही सगळे ऐकतोय, खाली बोट बुडतीये आणि टेहळ्या वरून हसतोय. इतका हसला की कँटीनवाल्यानं त्याला बाहेर काढलं!"

"मग पंपावर कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही!" काका आनंदानं म्हणाले. "आता दुसऱ्यांदा निघालोय. या वेळी पाळीपाळीनं पंप मारायचा ठरलाय, ज्याला आठवेल त्यानं. बरं, ठेवतो, पाणी येतंय." आणि तिनं काही म्हणण्याआधी त्यांनी फोन ठेवला.

ती फोन हातात धरून बसली. तिला हसू आलं होतं. आपण उठलो तर सगळं थांबेल, या एका समजुतीवर तिनं सहा वर्षं काढली होती, आणि ती माणसं तिच्यावाचून मजेत बुडाली होती. तिला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण कुणीतरी, निदान एका वाक्यात, तुमच्याशिवाय करमत नाही, असं म्हणायला हरकत नव्हती.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"बोट बुडाली."

"मग?"

"मग काही नाही. परत निघालेत."

नणंद इतक्या जोरात हसली की पलीकडच्या दगडावरचे लोक वळून बघायला लागले.

ती पुन्हा पंपावर बसली नाही. थंडी संपता संपता तिच्या हातच्या कवळ्या परत येणं थांबलं. नकाशेवालीनं गजर लावणं सोडलं तेव्हा आकडा सहा झाला, आणि सहा जण अजून दर शनिवारी निघतात, तिसऱ्या-चौथ्या खेपेला बुडतात. दोघे भाऊ बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले, हे तिला टेहळ्याकडून कळलं. कप्तानाचं एक लांब पत्र आलं. त्यात माफी होती, अक्का पहिल्यांदाच चार दिवस भाचीकडे जाऊन आल्याचं होतं, आणि वीज गेली तर बोट दोन दिवस बंद राहते, पण कुणी काही म्हणत नाही, असंही होतं.

उत्तर लिहायला ती दोनदा बसली. दोन्ही वेळा 'प्रिय कप्तान' एवढं लिहून झालं, बाबांची आठवण आली आणि तिनं 'प्रिय' खोडलं. मग नुसत्या 'कप्तान'च्या पुढे काय लिहायचं, ते काही तिला सुचलं नाही.